खोगीरभरती

'खोगीरभरती' हा शब्द आपल्या कॉलेजात वर्षातून दोनदा हमखास ऐकू येतो. एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री, जर्नलची पानं वाढवताना. आणि दुसऱ्यांदा पेपर संपल्यावर कँटीनमध्ये. "दहा मार्कांचा प्रश्न होता, येत होतं दोन मार्कांचं, बाकी सगळी खोगीरभरती!" खोगिरात काय, चिंध्या कोंबा, जुनं गोणपाट कोंबा, काहीही चालतं, म्हणून निरुपयोगी भर म्हणजे खोगीरभरती. हा अर्थ ज्याने कोणी रूढ केला त्याने घोड्याला विचारलं नसावं एवढं नक्की.

कारण आमच्या घरी खोगीरभरती हे खरंखुरं काम आहे. माझे वडील माथेरानला घोडा चालवतात. आजोबाही हेच करायचे. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी. दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर मिनी ट्रेनने. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, त्यालाही आता काही वर्षं झाली. तरी पॉइंट बघायला घोडा लागतोच. हॉस्टेलवरच्या मित्रांना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मग तुला घोडा चालवता येतो?" येतो. पण घोडा विकत कसा घ्यायचा, हे मला २०२३ च्या डिसेंबरात कळलं आणि त्यात आपल्या सिलॅबसचा जेवढा उपयोग झाला तेवढा अजून कुठल्याच ओरलला झालेला नाही. म्हणून हा लेख.

घोडा घेताना लोक काय बघतात? रंग बघतात. अबलख, कुमैत, पंचकल्याणी. भोवरे बघतात. गळ्यावर देवमण असलं तर किंमत वाढते, नको त्या जागी भोवरा असला तर गिऱ्हाईक पाठ फिरवतं. दात बघून वय काढतात: साधारण अडीच वर्षांला पुढचे दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला चार, साडेचारला सहा. उंची बघतात, तीही इंचात. "साठ इंची आहे, बासष्ट इंची आहे" असं बाजारात बोलतात. चाल बघतात, खूर बघतात. हे सगळं बघायलाच हवं. पण ज्या जागेवर माणूस बसणार आणि ज्या जागेच्या जिवावर घर चालणार, ती पाठ किती रुंद आहे आणि घरातलं खोगीर तिच्यावर बसेल का, हे सगळ्यात शेवटी बघतात. बहुतेक वेळा घोडा घरी आणल्यावर.

आम्हीही असेच होतो. आमचा राजा नावाचा घोडा होता. स्वभावाने गाय. पावसाळ्यात माथेरानचा धंदा थंडावतो, तेव्हा आम्ही घोडे खाली नेरळकडे नेतो. चार महिने काम नाही, वर हिरवागार चारा. २०२२ च्या दसऱ्यानंतर राजा वर आला तो असा गोल होऊन. दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) त्याच्यासाठी नुकतंच एक तयार खोगीर घेतलं होतं. दुकानदार म्हणाला, "सगळ्या घोड्यांना चालतं." दिवाळीच्या गर्दीत आठ दिवस काम झालं आणि नवव्या दिवशी खोगीर उतरवलं तेव्हा पाठीच्या पुढच्या भागात, मानेचं मूळ पाठीला मिळतं तिथे उंचवटा असतो त्याच्या दोन्ही बाजूंना, तळहाताएवढी सूज. दुसऱ्या दिवशी कातडं फाटलं. आमच्याकडे याला 'पाठ लागली' म्हणतात. पाठ लागलेला घोडा उभा राहतो, खातो, कमावत काही नाही. नाताळ गेला, जानेवारी गेला. त्यात राजाचं वयही झालं होतं. तो पुढे पूर्वीसारखा कामाला आलाच नाही.

तेव्हा आलेले जनावरांचे डॉक्टर जाताना एक वाक्य बोलले. "जखम मी बरी करतो, पण खोगीर कोण बरं करणार?" दादा गप्प बसले. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य राहिलं.

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, नोट्स काढायच्या नाहीत.

घोड्याच्या छातीच्या भागात साधारण १८ मणके आणि १८ बरगड्यांच्या जोड्या असतात. खोगिराचं वजन पडायचं ते या बरगड्यांवरच्या स्नायूंवर. मणक्यांवर अजिबात नाही. शेवटच्या बरगडीच्या मागे कंबर सुरू होते, तिथे खालून आधार नाही, त्यामुळे तिथेही वजन नको. आणि पुढे? पुढे खांद्याचं पातं. गंमत म्हणजे घोड्याला आपल्यासारखं गळ्याचं हाड नसतं. पुढचे दोन्ही पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात आणि पाय पुढे पडला की पात्याचा वरचा भाग मागे सरकतो. खोगीर त्याच्यावर चढलं तर प्रत्येक पावलाला हाड लाकडावर घासणार. म्हणजे जागा किती उरली? पात्यामागे दोनतीन बोटं सोडून शेवटच्या बरगडीपर्यंत, तीही मधला कणा वगळून. तेवढ्या दोन पट्ट्यांवर सगळा कारभार.

समजा ७० किलोचा माणूस आणि ९ किलोचं खोगीर व बाकी सामान. ७९ किलो, म्हणजे साधारण ७७५ न्यूटन. खोगिराच्या दोन्ही गाद्या मिळून १००० चौरस सेंटिमीटर जागा नीट टेकली तर सरासरी दाब ७.७५ किलोपास्कल. आता खोगिराचा आकार पाठीशी जुळत नाही, पुढे टेकतंय, मागे टेकतंय आणि मध्ये पोकळी आहे असं धरा. एस.ओ.एम. मधला आपला लाडका सिंपली सपोर्टेड बीम! युनिफॉर्म लोड जाऊन दोन टोकांना पॉइंट लोड आले. टेकणारी जागा निम्मी झाली तर दाब १५.५ किलोपास्कल. खोगिराखाली दाब मोजणारी चादर घालून जे अभ्यास झालेत त्यांत सरासरी दाब ११ किलोपास्कलच्या आसपास किंवा वर गेला की पाठीच्या तक्रारी दिसू लागतात असं आढळलंय. माणूस तोच, घोडा तोच, वजन तेच. फक्त आकार जुळला नाही.

आणि रुंदीचं एक साधं तत्त्व आहे, जे कळल्यावर मी दादांना फोन करून सांगितलं. खोगिराच्या आत लाकडाचा सांगाडा असतो, त्याची पुढची कमान म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा भाग. कमान घोड्यापेक्षा रुंद असेल तर खोगीर पुढून खाली बसतं आणि उंचवट्यावर टेकतं. अशा वेळी भरती वाढवून, खाली जाड घडी घालून काम भागवता येतं. पण कमान अरुंद असेल तर? तर ती दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी धरते. आणि आपण काय करतो, घोड्याला टोचतंय म्हणून खाली आणखी एक घोंगडी घालतो! बूट घट्ट होतो म्हणून दोन मोजे घालण्यासारखं आहे ते. राजाला आम्ही नेमकं तेच केलं होतं. दुखतंय असं वाटून दादांनी प्रेमाने दोन घड्या जास्त घातल्या होत्या. भरतीने सैल खोगीर जुळवता येतं, घट्ट खोगीर नाही.

लष्करांना हे चांगलं ठाऊक होतं. मोहिमेवर घोडा वाळतो, त्याची पाठ अरुंद होते. म्हणून घोडदळात खोगिराखाली घोंगडी घालायची आणि तिच्या घड्या कमीजास्त करायच्या अशी पद्धत होती. ब्रिटिश सैन्याच्या १९१२ च्या नमुन्याच्या खोगिरात तर बाजूच्या पट्ट्या कमानीला हलत्या सांध्याने जोडल्या होत्या, पाठ बदलेल तसा कोन बदलावा म्हणून. म्हणजे प्रश्न जुनाच आहे.

राजाच्या जागी नवा घोडा घ्यायचा ठरलं. पतसंस्थेचं कर्ज आणि घरातले मिळून एक लाख वीस हजार. त्यात खोगिराचा वेगळा खर्च धरलाच नव्हता, कारण घरात आजोबांचं खोगीर होतं. ते तयार खोगीर राजाच्या जखमेनंतर दादांनी कोपऱ्यात टाकलं होतं. आजोबांचं मात्र मापाने करून घेतलेलं, जुन्या चामड्याचं, लाकूड एकदाही तडकलेलं नाही. दादांचा जीव त्यात. "घोडा नवीन, खोगीर आजोबांचं," असं ते चारचौघांत सांगूनही बसले होते.

मी म्हटलं, "दादा, मग खोगिराला बसेल असा घोडा शोधू या. माप घेऊन जाऊ."

"घोड्याचं कसलं माप? खोगीर घेऊन जाऊ की बरोबर."

"नेऊ. पण बाजारात प्रत्येक घोड्यावर कोण टाकू देणार?"

आणि इथे फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगने हात दिला. तुम्हाला ती फ्लेक्सिबल कर्व्ह आठवते का? रबरी सापासारखी, आत शिसं असलेली, वाकवू तशी राहणारी पट्टी. ड्रॉइंगच्या तासाला आपण तिची पालीसारखी शेपटी करून पुढच्या बाकावर टाकायचो. तीच. घोड्याच्या पाठीवर आडवी घालायची, दोन्ही बाजूंनी दाबून बसवायची, अलगद उचलायची, कागदावर ठेवून आतून पेन्सिल फिरवायची. झाला सेक्शनल व्ह्यू! खांद्याच्या पात्यामागे दोन बोटांवर एक, पाठीच्या सगळ्यात खोल जागी एक, शेवटच्या बरगडीपाशी एक. असे तीन छेद. शिवाय कण्याच्या रेषेवर एक उभा. चार रेघांत पाठ कागदावर आली.

मग मी आजोबांचं खोगीर उलटं केलं, कमानीचा आतला आकार असाच उतरवला आणि भरतीची जाडी लक्षात घेऊन पुठ्ठ्याचं टेम्पलेट कापलं. मेट्रॉलॉजीत गो-नो गो गेज शिकलो होतो, त्याचंच हे खेड्यातलं भावंड. पुठ्ठा घोड्याच्या पाठीवर ठेवायचा. वर मध्यभागी पोकळी आणि बाजूंना सरळ टेकला तर चालेल. बाजूंना फट पडून वर टेकला तर खोगीर रुंद आहे, भरती लागेल. खालची टोकं रुतून वर जास्तच पोकळी राहिली तर अरुंद, विषय संपला. दादांनी पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट केला आणि फक्त "हं" म्हणाले.

दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याला गेलो. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीच्या काठावर हे गाव, एकमुखी दत्ताचं मंदिर आणि मंदिराच्या यात्रेत भरणारा घोड्यांचा बाजार. दादा, माझे चुलते आबा आणि मी. धुळे, दोंडाईचा करत एस.टी.ने पोचलो तेव्हा पहाटेची थंडी अशी की बोलताना वाफ निघत होती. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा सगळीकडचे घोडे. कानांची टोकं एकमेकांना भिडलेले मारवाडी, तसेच वळलेल्या कानांचे काठेवाडी. शेकोट्या, हरभऱ्याचा वास, पायातल्या घुंगरांचा आवाज. आमच्या डोंगरावर आम्हाला घोडे म्हणजे रोजचंच, पण इतके घोडे एकत्र बघून आबाही पाच मिनिटं काही बोलले नाहीत.

सकाळी दहाच्या सुमाराला दादांचं मन एका काळ्यावर बसलं. साठ इंची, चार दाती, म्हणजे साडेतीन-चार वर्षांचा. मान अशी की फोटो काढावा. व्यापाऱ्याने त्याला दोन पावलं नाचवूनही दाखवलं. किंमत घासाघीस करून एक लाख दहा हजारांपर्यंत आली. आबा मला कोपराने ढोसत होते, "काढ तुझा तो साप."

सपाट जागेवर घोडा चारी पाय सरळ करून उभा केला. पाय वाकडे असले की खांदे वरखाली होतात आणि माप खोटं येतं. मी साप काढला, पुठ्ठा काढला, टेप काढली. व्यापारी आधी हसला. "भाऊ, घोडा घ्यायला आलाय का शर्ट शिवायला?" बघ्यांची गर्दी जमली. काळ्याची पाठ मागून बघितली तर उभ्या छपरासारखी, दोन्ही बाजूंना उतरती. मधे कणा वर आलेला. पुठ्ठा ठेवला तर बाजूंना चांगली फट. आजोबांचं खोगीर त्याच्यावर पुढे खाली बसलं असतं. पण मघाशी म्हटलं तसं, सैल खोगीर भरतीने जुळतं. म्हणजे खोगिराच्या हिशेबाने काळा जमण्यासारखा होता.

मग मी वजन काढलं. घोड्याला काट्यावर चढवायची गरज नसते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११८७७. उत्तर किलोत येतं, अंदाजे पण कामचलाऊ. (पुठ्ठा म्हणजे इथे घोड्याचा मागचा भाग, माझ्या हातातला नाही!) काळ्याचा घेर १५२, लांबी १५०. वजन २९२ किलो.

आता हे वजन कशाला? २००८ साली अमेरिकेत ओहायोमध्ये आठ घोड्यांवर एक प्रयोग झाला होता. घोड्याच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझं घालून पाऊण तास काम करून घेतलं. २० टक्क्यांपर्यंत ठीक, २५ ला स्नायू दुखायला लागले, ३० ला फारच. आणि त्यातलाच दुसरा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटला: ज्या घोड्यांची कंबर जास्त रुंद आणि पायाच्या नळीचा घेर जास्त, त्यांचे स्नायू कमी दुखले. उंचीचं तिथे काही कौतुक नव्हतं. रुंदीचं होतं.

काळ्याचे २० टक्के म्हणजे ५८ किलो. खोगीर वजा जाता ४९. एवढ्या वजनाचं माणूस म्हणजे आपल्या वर्गातलं सगळ्यात सुकडं पोरगं. शिवाय चार दाती घोड्याची वाढ संपलेली नसते. पाठीचे मणके पक्के व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. तोपर्यंत तो भरणार, रुंद होणार, आज केलेली भरती उद्या काढावी लागणार. मी हे दादांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना आवडलं नाही. काळ्याकडे ते पुनःपुन्हा वळून बघत होते. मलाही तो घोडा आवडला होता, हे लपवत नाही.

दुसरी एक घोडी बघितली, सहा दाती, चांगली भरलेली. किंमतही कमी. पण उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके. व्यापारी म्हणाला, "जन्मखूण आहे." कातड्याला खोल जखम झाली की केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि तिथे पांढरे केस उगवतात. दोन्ही बाजूंना, अगदी खोगिराच्या कमानीच्या जागी, समोरासमोर जन्मखूण? आबांनी तिच्या पाठीवरून बोटांनी हलका दाब देत हात फिरवला. ठिपक्याजवळ हात आला तशी तिने पाठ खाली घेतली आणि कान मागे टाकले. पुढे निघालो.

दुपारी तीनला ती दिसली. कुमैत घोडी, सत्तावन्न इंची, तोंड पूर्ण भरलेलं, म्हणजे पाच वर्षांच्या पुढची. दिसायला काहीच नाही. मान आखूड, पोट गोल. दख्खनी रक्ताची वाटत होती. भीमथडीच्या तट्टांबद्दल आपण इतिहासात वाचतो. मराठ्यांच्या घोडदळाची ती लहानखुरी, काटक जनावरं. भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने नोंदवलीही आहे. ही घोडी नेमकी कुठल्या रक्ताची हे व्यापाऱ्यालाही सांगता येईना. पण मागून बघितली तर कंबर अशी सपाट रुंद की वर थाळी ठेवावी. घेर १६३, लांबी १४६. वजन ३२७ किलो. तीन इंच बुटकी, आणि काळ्यापेक्षा ३५ किलोने जड! पाठ दाबली तर ढिम्म. चालवून बघितली, दोन्ही खांदे सारखे. किंमत पंच्याऐंशी हजार.

पुठ्ठा ठेवला. खालची दोन्ही टोकं रुतली आणि वर चार बोटं पोकळी. नो गो. साप काढून कागदावर घेतलं तर कमान एकेका बाजूला जवळजवळ सेंटिमीटरभर कमी पडत होती. आजोबांचं खोगीर या घोडीवर कधीच बसणार नव्हतं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. आबा म्हणाले, "काळा घे. खोगीर तरी वाचेल." मी म्हटलं, "काळ्यावर गिऱ्हाईक कुठलं बसवणार?" दादा घोडीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "राजाला मी खोगिरासाठी घोडा केला. हिला नको." आणि रुमालात बांधलेले पैसे काढले.

तिचं नाव आम्ही चांदणी ठेवलं. कपाळावर चांदणी नाही, पण आईला आवडलं.

उरलेल्या पैशांत खोगीर करायचं होतं. खोगिरांच्या धंद्यासाठी कानपूर प्रसिद्ध. तिथल्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही आहे. तिथल्या एका कारागिराचा नंबर आबांच्या ओळखीने मिळाला. फोनवर त्याने विचारलं, "घोडी केवढी?" मी म्हटलं, "पत्ता द्या, ड्रॉइंग पाठवतो." तीन छेद, एक उभी रेघ, पूर्ण मापात, १:१, टायटल ब्लॉकसकट हाफ इंपीरियल शीटवर. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी बघितलं असतं तर डायमेन्शन लाइनवरून चार शब्द ऐकवले असते, पण कारागीर खूश झाला. रुंद कमानीचं खोगीर दीड महिन्यात आलं.

ते आल्यावर घडी न घालता नुसतं पाठीवर ठेवून बघितलं. आधी घडी घातली की सगळे दोष झाकले जातात. पुढे उंचवट्यावर तीन बोटं जागा. मागून वाकून बघितलं तर मधल्या खोबणीतून आरपार उजेड. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळून पुढून गादीखाली हात घातला. हात सारखा सरकला, कुठे अडकला नाही, कुठे पोकळी लागली नाही. मागच्या टोकाला दाबून बघितलं, डुलत नाही. मग वर्कशॉपची आठवण झाली. फिटिंगमध्ये पृष्ठभाग सपाट आहे का बघायला प्रशियन ब्लू लावून सरफेस प्लेटवर घासतो, आणि निळे डाग उंच जागा दाखवतात. आमच्याकडे ब्लू नव्हता, पण माथेरानची लाल माती होती! घोडीच्या पाठीवर ती हलकीशी भुरभुरली, वर धुतलेलं पांढरं धोतर घडी न पडता पसरलं, वर खोगीर, वर मी. दहा मिनिटं सावकाश चाललो, मग खोगीर सरळ वर उचललं आणि माती लगेच झटकून काढली. धोतरावर दोन लांबट लाल पट्टे. उजवा सारखा, डाव्याच्या मध्यात वीतभर जागा फिकी. दादांनी तिथली शिवण उसवली, लोकर पिंजून मूठभर भरली, पुन्हा शिवली. पुन्हा धोतर. आता दोन्ही पट्टे सारखे. ही खोगीरभरती!

आजोबांचं खोगीर? दादांना वाटत होतं ते खुंटीवर राहणार. पण आमच्याच ओळीत उभ्या राहणाऱ्या एका काकांच्या घोड्याला मी सहज पुठ्ठा लावला, तर असा बसला जणू त्याच्यासाठीच कापला होता. दादांनी ते त्यांना देऊन टाकलं. पैसे घेतले, पण थोडे. आता रोज समोरून जाताना दिसतं. खुंटीपेक्षा बरं.

राहता राहिला वजनाचा प्रश्न, आणि तो सोपा नाही. चांदणीचे २० टक्के म्हणजे ६५ किलो, खोगीर वजा जाता ५६. माथेरानला येणारा प्रत्येक पाहुणा ५६ किलोचा नसतो. मी हा आकडा सांगितला तेव्हा दादा चिडले होते. "गिऱ्हाईकाला काट्यावर उभं करू का? तुझं कॉलेज कशावर चाललंय?" त्यांचं चूक नव्हतं. एक फेरी गेली की तेवढा पैसा गेला, आणि हप्ता कोणाला थांबत नाही. शेवटी आबांनी वाट काढली. आबांचा घोडा मोठ्या हाडाचा, चारशे किलोच्या पुढचा. मुलं, बायका, हलकी माणसं चांदणीवर. भारी माणसं आबांच्या घोड्यावर. आणि दिवसाअखेर दोघांची कमाई एकत्र करून वाटून घ्यायची. तरीही काही गिऱ्हाइकं जातात. २०२४ च्या मे महिन्यात मी घरी होतो. भर रविवारी एक गृहस्थ आले, नव्वदच्या आसपास असतील. आबा फेरीवर गेलेले. दादा म्हणाले, "साहेब, अर्धा तास थांबा, मोठा घोडा येतोय." ते थांबले नाहीत. पुढच्या माणसाकडे गेले. दादांनी चांदणीच्या पाठीवर थाप मारली आणि तिला सावलीत घेतलं. मला काही बोलले नाहीत.

आता दर वर्षी ऑक्टोबरात घोडे वर आले की आणि मे संपताना, असे दोनदा आम्ही साप फिरवतो. एकाच ग्राफपेपरवर चांदणीच्या रेघा वेगवेगळ्या रंगांत आहेत. पावसाळ्यानंतरची बाहेर, उन्हाळ्याची आत. त्या फरकाएवढी लोकर काढायची किंवा घालायची. राजाच्या वेळी हाच फरक होता, फक्त कागदावर नव्हता. माझी फ्लेक्सिबल कर्व्ह घरीच राहिली आहे, कारण ओळीतले बाकीचे लोकही ती मागून नेतात.

तर मंडळी, इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली तुम्ही माथेरानला येणारच आहात. घोड्यावर बसायच्या आधी घोडेवाल्याला नम्रपणे विचारा आणि तंग सैल असताना खोगिराच्या पुढच्या कमानीखाली तळहात सरकवून बघा. हात सहज गेला तर बसा. चिमटला तर घोड्याचंही तेच होतंय असं समजा. आणि आपलं वजन जरा प्रामाणिकपणे सांगा. जास्त असेल तर दस्तुरीपासून बाजारापर्यंत चालत या. झाडांची सावली आहे, चहा वाटेत मिळतो.

— थर्ड इयर, मेकॅनिकल